रंग उडते, फाल्गुनात आणजो

रंग उडणार हे गिऱ्हाइकाला आधी सांगून मग माल विकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आणि त्याच माणसाचा रंग पक्का आहे असं भर सभेत सांगून त्याला बुडवणाराही एकच पाहिला. तो मी.

हे लिहायला मला सहा वर्षं लागली. मुळात मी बोलका माणूस नाही. पवनीच्या आमच्या विणकर सोसायटीत मी सचिव आहे. सचिवाला गप्प बसायची सवयच लागते. दुसरे बोलतात, तो लिहून घेतो. त्या सभेचं इतिवृत्तही माझ्याच अक्षरात आहे. अक्षर चांगलं आहे माझं. त्याचीच जास्त लाज वाटते.

त्या माणसाला सगळी गल्ली काकाजी म्हणायची. घरात शिरलं की उजव्या हाताला खड्डामाग, डाव्या हाताला काकूचा चरखा आणि मागच्या अंगणात चुलाणावर तांब्याचा हंडा. त्या हंड्यात पळसाची फुलं उकळायची. फाल्गुनात आसगावकडच्या बांधांवरून पोतीच्या पोती फुलं यायची, सावलीत वाळायची आणि वर्षभर पुरायची. हिरडा आणि तुरटी लावलेलं सूत त्यात बुडवलं की असा पिवळा चढायचा, की पाहणाऱ्यानं पाहतच राहावं. काठ काळा, तो गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात महिनाभर कुजवून केलेला. आमच्याकडे याला दुपट्टा म्हणतात. पुरुषाच्या खांद्यावर असतो, उन्हात डोक्याला, बाजारात घाम पुसायला, शेताच्या धुऱ्यावर बसायला. शहरात त्यालाच स्कार्फ म्हणतात आणि थंडी नसताना गळ्यात घालतात.

काकाजींकडून दुपट्टा घेणं सोपं नव्हतं. आधी ते गिऱ्हाइकाला दोन्ही हात आडवे पसरायला लावायचे. या बोटापासून त्या बोटापर्यंत जेवढं भरेल तेवढा दुपट्टा. टेप लावायचे नाहीत. मग विचारायचे, "उन्हात वापरान का घरात?"

"घरातच. शोकेसमध्ये ठेवीन म्हणते," नागपूरहून आलेली एक बाई म्हणाली होती.

"मंग कागद गुंडाळून ठेवा ना बाई! माह्या चार दिवसांच्या मेहनतीले काहून कोंडता?"

बाई रागावून गेल्या. काकूनं चरख्यावरून मान वर केली. "गेली लक्ष्मी. आता आरती करा पळसाची."

"करतो ना. तुह्यासारखं तोंड तरी नाही करत तो."

आणि विकला तरी हातात देताना वाक्य ठरलेलं: "हा पळसाचा आहे. उन्हात रंग उडते. फाल्गुनात आणजो, पुन्हा चढवून देतो." चढवून द्यायचे ते फुकट, आणि ते कापड टिकेल तोवर. त्यामुळे फाल्गुनात त्यांच्या अंगणात जत्रा भरायची. आसगावचे, आंबागडचे, पार तिकडच्या बपेऱ्याचे लोक खांद्यावर फिक्कट पडलेले दुपट्टे घेऊन यायचे आणि पिवळेधमक घेऊन जायचे. दर वेळी काकाजी त्या दुपट्ट्याच्या टोकाच्या दशांमध्ये एक बारीक गाठ मारायचे. किती गाठी, तितके फाल्गुन. एका म्हाताऱ्याच्या दुपट्ट्याला सव्वीस गाठी होत्या. काकाजींनी त्याला खुर्ची दिली होती आणि तहसीलदाराला उभं ठेवलं होतं.

माझ्या दुपट्ट्याला अकरा गाठी आहेत. बाराव्याची गोष्ट पुढे येईल.

त्यांची आणखी एक खोड होती. कापड दिसलं की त्याची कड उलटवून पाहायचे. कुणाचंही. बसमध्ये शेजारी बसलेल्याची, लग्नात नवरदेवाची, दवाखान्यात डॉक्टरच्या पडद्याची. "सुलटी बाजू दुकानदाराची रायते. उलटी बाजू विणकराची," म्हणायचे. स्वतः सदरा उलटा घालायचे, शिवण बाहेर. पोरंटोरं हसायची. "हसा बे, हसा," ते म्हणायचे, "मी तरी दाखवून राहिलो. तुमच्या बापाले उलटवून पाहा."

या खोडीनं त्यांचा घात केला, निदान सुरुवात तरी केली. सोसायटीच्या आवारात एका मोठ्या साहेबांचा सत्कार होता. अध्यक्षांनी त्यांच्या गळ्यात पिवळा दुपट्टा घातला आणि माइकवर सांगितलं, "आमच्या गरीब विणकर बांधवांनी हातमागावर विणलेला, निसर्गाच्या रंगात रंगवलेला!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेले काकाजी उठले, स्टेजवर चढले. सगळ्यांना वाटलं, पाया पडणार. त्यांनी साहेबांच्या गळ्यातल्या दुपट्ट्याची कड धरून उलटवली, जिभेला लावून चाखली आणि लोकांकडे तोंड करून म्हणाले, "यंत्रावरचं आहे. पुडीचा रंग आहे. आमच्यापैकी कोणीच नाही विणलं."

आणि ते खरं होतं. ते मला माहीत होतं, अध्यक्षांना माहीत होतं, साऱ्या गावाला माहीत होतं. बाहेरून गठ्ठे यायचे, आमच्या गोदामात त्यांना 'हातमाग, नैसर्गिक रंग' असा पुठ्ठ्याचा बिल्ला लागायचा आणि गठ्ठे प्रदर्शनाला जायचे. बिल्ल्यांची पेटी माझ्या टेबलाखाली असायची. विणकर बांधव म्हणून छाती फुगवून भाषण करायचं आणि विणकराच्या मागावर कोळी जाळी विणत बसलाय तिकडे बघायचंही नाही, ही आमची सहकार चळवळ. साहेब हसले, त्यांनी दुपट्टा सरळ केला आणि चहा घेऊन गेले. अध्यक्ष मात्र विसरले नाहीत.

आता माझं.

मोठ्या शहरातल्या एका दुकानानं काकाजींचे दुपट्टे मागवले होते. पहिली खेप गेली आणि दुकानाची तक्रार आली, रंग उडतो. काकाजींनी मला उत्तर लिहायला सांगितलं: "लिव. रंग उडते. फाल्गुनात आणजो."

"काकाजी, ते तिकडून इथवर कसे येतील?"

"मंग इथवर येता येईन त्यालेच विकावं."

दुकानाचं मला वेगळं पत्र आलं. पुढची चाळीस नगांची ऑर्डर आहे, पण रंग टिकला पाहिजे, नाहीतर तुमच्या सोसायटीशी संबंध संपला. म्हणजे यांना निसर्ग पाहिजे, पण त्यानं निसर्गासारखं वागायला नको! फूल पाहिजे, पण कोमेजणारं नको. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'नैसर्गिक' लिहायचं आणि तक्रार करायची तर त्याच गोष्टीची. मला त्या पत्राचा आजही संताप येतो. पण त्या वेळी तो आला नाही. त्या वेळी मला फक्त ऑर्डर दिसली. सोसायटीचं एवढं नावाचं गिऱ्हाईक मी मिळवलेलं होतं, आणि ते माझ्या हातून जाणार होतं.

त्याच दिवसांत काकाजींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. काकू आणि ते तीन दिवस नागपूरला जाणार होते. हिरडा आणि तुरटी दिलेल्या सुताच्या लडी तयार होत्या, फुलं उकळलेली होती. अकरा वर्षं मी त्या अंगणात उठबस केलेली. त्यांनी हंडा माझ्या हवाली केला.

"लडी बुडवजो. उलटपालट करत राहजो. घाई करजो नोको. आन सेक्रेटरी, चाखून पाहजो."

मी चाखून पाहिलं नाही. मी बसस्टँडजवळच्या दुकानातून पिवळ्या रंगाच्या पुड्या आणल्या, मिठासकट हंड्यात टाकल्या आणि लाकडी दांड्यानं ढवळल्या. रिकाम्या पुड्या चुलाणात घातल्या. भर दुपार होती. शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, "लय काम करून राहिले बाप्पा काकाजीचं!" मी हसलो. खरं सांगतो, मला तेव्हा वाईट वाटलं नाही. आपण म्हाताऱ्यावर उपकार करतोय, असं वाटलं. पाप करताना माणसाला बहुतेक वेळा असंच वाटत असावं.

काकाजी परतले ते डोळ्यावर काळा चष्मा लावून. दोन आठवड्यांनी चष्मा काढून त्यांनी लडी उजेडात धरल्या.

"लय भडक दिसते बे."

मी उरलेल्या लडी मोजू लागलो.

"नवा डोळाच भडक दाखवते," ते स्वतःशीच म्हणाले. "काल हिचं नाक पाहिलं, तेही लालभडक. इतके साल मले वाटे, सावळी आहे."

"इतके साल पाहिलं कवा होतं?" काकू म्हणाली, आणि दोघं हसली. मीही हसलो. त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या डोळ्यावर अविश्वास दाखवला, आणि तो माझ्यावर विश्वास ठेवण्यासाठी.

चाळीस दुपट्टे विणून गेले. उरलेल्या सुताचा एक त्यांनी घरी ठेवला. चैत्रात दुकानाकडून पत्र आलं. त्यांनी नग तपासून घेतला होता. रंग रासायनिक निघाला. फसवणूक, विश्वासघात, असे शब्द होते. ज्यांनी रंग टिकला पाहिजे म्हणून माझा गळा धरला, त्यांनीच रंग टिकला म्हणून काकाजींचा धरला.

अध्यक्षांनी ते पत्र देवाच्या प्रसादासारखं दोन्ही हातांनी घेतलं.

काकाजींना मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा ते ओरडले नाहीत. त्याचं मला नवल वाटलं, कारण ते बसचा भोंगा वाजला तरी ओरडायचे. ते उठले, घरातला तो एक दुपट्टा आणि खांद्यावरचा स्वतःचा दुपट्टा घेऊन शिडीनं कौलांवर चढले आणि दोन्ही शेजारी शेजारी अंथरून त्यांवर दगड ठेवले. वैशाखभर ते तिथंच होते. येताजाता मला रस्त्यावरून दिसायचे. रोज एक फिक्कट होत गेला. दुसरा तसाच, निर्लज्ज पिवळा.

वैशाख संपता संपता सोसायटीच्या ओट्यावर सभा झाली. समोर टेबल, टेबलामागे अध्यक्ष, कडेला मी वही घेऊन. काकाजी नेहमीप्रमाणे टेबलाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभे राहिले. हातात ते दोन दुपट्टे.

"हा पाहा. हा उडला. हा पाहा, हा नाही उडला. दोन्ही एकाच कौलावर होते. जो उडला तो माहा. जो नाही उडला, त्यात मी नाही."

लोक हसले. आपला रंग कच्चा आहे हे पुरावा म्हणून मांडणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. अध्यक्ष म्हणाले, "काकाजी, विणला तुम्ही ना? हात तुमचाच ना?"

"हात माहा. रंग नाही."

"मग कुणाचा? भुताचा?"

पुन्हा हशा. तेव्हा काकाजी वळले. माझ्याकडे. नवा डोळा अजून पाणावायचा. तो त्यांनी सदऱ्याच्या उलट्या बाहीनं पुसला.

"हा सेक्रेटरी अकरा साल माह्या अंगणात येऊन राहिला. दर फाल्गुनात याचा दुपट्टा मी रंगवला. सांग बाबू या लोकायले. माहा रंग उडते का नाही?"

एवढंच विचारलं. हंड्याजवळ कोण होतं, हे विचारलं नाही. मी फक्त 'उडतो' म्हणायचं होतं. एक शब्द. बाकी सारं त्यातून आपोआप निघालं असतं: मग न उडणारा रंग कुठून आला, तीन दिवस हंड्यापाशी कोण होतं. तेच तर मला नको होतं.

मी म्हणालो, "काकाजींचा रंग पक्का आहे."

कौतुक केल्यासारखं म्हणालो. आवाजात आदरसुद्धा होता. कुणीतरी टाळी वाजवली. अध्यक्ष टेबलावर हात आपटून म्हणाले, "झालं! अकरा वर्षं त्या अंगणात जाणारा माणूस सांगतोय, रंग पक्का आहे. म्हणजे पहिल्यापासून हेच चाललं होतं!" आणि ज्या माणसानं आयुष्यात पुडीचा रंग घरात येऊ दिला नाही, त्याच्या मालाचा 'नैसर्गिक रंग' हा बिल्ला काढून घेण्याचा ठराव सर्वानुमते झाला. ठराव करणाऱ्यांच्या गोदामात त्या क्षणी बाहेरून आलेले तीन गठ्ठे पडले होते. बिल्ले लावलेले. तो ठराव मी लिहिला. काना, मात्रा, वेलांटी, काही चुकलं नाही.

काकाजी ओट्यावरून उतरताना माझ्यापाशी थांबले. माझ्या शर्टाची कड धरली, उलटवली, पाहिली आणि सोडून दिली.

त्यानंतर रस्त्यात भेटले की म्हणायचे, "राम राम, पक्केराव." राग नसायचा त्यात. असता तर बरं झालं असतं.

काकाजींना प्रदर्शनं बंद झाली, दुकानं बंद झाली. गावात कुजबुज सुरू झाली की म्हाताराही तसलाच निघाला. पण फाल्गुनात जत्रा भरायचीच, कारण ज्यांच्या खांद्यावर दुपट्टा फिक्कट पडत होता त्यांना कुणाच्या ठरावाची गरज नव्हती. मी मात्र गेलो नाही. सहा फाल्गुन माझा दुपट्टा तसाच राहिला.

गेल्या पौषात काकाजी गेले. फाल्गुनात लोक आले, त्यांना माहीतही नव्हतं. काकूनं हंडा चढवला. मी सहा वर्षांनी त्या अंगणात शिरलो. काकूनं माझा दुपट्टा हातात घेतला. दशांवरून बोट फिरवत अकरा गाठी मोजल्या.

"सहा साल काहून नाही आणला बाबू?"

मी सांगितलं. उभ्यानं, एका दमात. पुड्या, मीठ, चुलाण, सगळं.

काकू चुलाणातली लाकडं पुढे सारत होती. "मले का नवीन सांगून राहिला तू?" ती म्हणाली. "चरख्यावर सुताची कांडी मीच भरत होती ना. माही बोटं पिवळी झाली, पंधरा दिवस गेली नाही. पळस बोटाले लागला तर दोन दिवसांत जाते. मले वाटलं, सूत तर रंगून गेलं आता, कायले बोलू. दुकानाची चिठ्ठी आली तवा तुह्या काकाजीले सांगितलं. चुलाणात चमकीच्या पुडीचा तुकडाबी सापडला होता."

"मग सभेत बोलले का नाहीत?"

"मी म्हटलं, नाव घ्या त्याचं. तर म्हणे, नाही. म्हणे, मी त्याले विचारतो, तो सांगन. म्हणे, चांगला पोरगा आहे, तो सांगन." तिनं वर पाहिलं. "तू सांगितलं का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग मले सांगून का होते? मी का सोसायटी आहो?" तिनं दुपट्ट्याची नीट घडी केली आणि माझ्या हातात परत दिली. न रंगवता. माझ्या मागे आंबागडचा एक माणूस उभा होता, त्याचा घेतला. "जिथं खोटं बोलला तिथं जाऊन बोल. मंग आण."

तरीही मला सहा महिने लागले. भाद्रपदात वार्षिक सभा होती. तोच ओटा, तेच टेबल, तेच अध्यक्ष. मी तो दुपट्टा गळ्यात घालून गेलो. आता तो जवळजवळ पांढराच झाला आहे. काळा काठ तेवढा शाबूत.

"सचिवसाहेब, हे पोतेरं कायले गुंडाळून आले?" अध्यक्ष म्हणाले. "गोदामात चांगले नाहीत का?"

मी उठलो. टेबलाकडे पाठ केली. समोर साठसत्तर माणसं होती, त्यात सहा वर्षांपूर्वी हसलेली निम्मी तरी होती.

"हा काकाजींचा आहे," मी म्हणालो. "त्यांचा रंग उडतो. त्या चाळीस दुपट्ट्यांत पुडीचा रंग मी टाकला. ते नागपूरला होते. सभेत मी खोटं बोललो. आणि गोदामात बिल्ले लावलेले जे गठ्ठे आहेत ते आपल्या कुणीही विणलेले नाहीत, हेही मी इतकी वर्षं लिहिलं नाही."

कुणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं, मारतील. मागून एकजण म्हणाला, "जाऊ द्या ना साहेब, मेला बिचारा." अध्यक्ष म्हणाले, "भावनेच्या भरात बोलले सचिव. इतिवृत्तात घ्यायचं कारण नाही. चहा आणा रे." आणि खरोखर चहा आला. लोकांनी घेतला. एका माणसाचं नाव सहा वर्षं चिखलात पडलेलं, आणि ते उचलायला या लोकांना बशी खाली ठेवावीशी वाटली नाही. पण मी कुणाला बोलू? मला तरी कुठं वाटली होती?

इतिवृत्तात मी ते घेतलं. शब्दन् शब्द, त्याच अक्षरात. अध्यक्षांनी त्या पानावर सही केली नाही. मी माझी केली. सचिव म्हणून राहीन की नाही ते पुढच्या महिन्यात ठरेल.

दुसऱ्या दिवशी काकूकडे गेलो. तिला आधीच कळलं होतं. गावात तिखटमीठ लागून सगळं लवकर पोचतं. तिनं पाट दिला, पाणी दिलं. हंडा पालथा घातलेला होता.

"फुलं सरली अवंदाची," ती म्हणाली. "फाल्गुनात आणजो."

तोवर हा असाच गळ्यात घालतो. बाजारात, बसमध्ये, सोसायटीत. रोज कुणी ना कुणी विचारतं, रंग कसा काय गेला हो याचा? मी त्यांच्याकडे तोंड करून सांगतो. काकाजींचा आहे. उडतो.